दीड हजार दिवस : डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची चीनमधील दिनचर्या

थोर माणसाची आठवण ठेवताना लोकस्मृती नेहमी एक सवलत घेते. त्याच्या आयुष्यातील एखादा उत्कट क्षण ती उचलते, त्यास चौकटीत बसविते आणि बाकीचे आयुष्य कोनाड्यात ठेवून देते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांच्या बाबतीत नेमके असेच झाले आहे. परदेशात, परक्या लोकांची शुश्रूषा करीत असता, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांस मृत्यू आला. ह्या मृत्यूवर १९४४ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढून स्वतःच कोटणिसांची भूमिका केली. तेव्हापासून आपल्या घराघरांतून कोटणीस हे नाव ज्यांस ठाऊक आहे त्यांस ते बहुधा ह्या चित्रपटामुळे ठाऊक आहे. चित्रपटाने त्यांस अमर केले हे खरे. परंतु अमर माणूस सकाळी उठून काय करीत असेल, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

प्रस्तुत लेखात तोच प्रश्न विचारावयाचा आहे. १७ सप्टेंबर १९३८ रोजी कोटणीस कँटन बंदरात उतरले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी होपेई प्रांतातील एका डोंगरी खेड्यात त्यांचा अंत झाला. ह्या दोन तारखांमध्ये सुमारे दीड हजार दिवस आहेत. त्यांतील रोमहर्षक असे दिवस फार तर महिनाभराचे भरतील. उरलेले दिवस जखमा धुण्यात, भाषा शिकण्यात, शिकविण्यात, चालण्यात आणि वाट पाहण्यात गेले. स्वयंसेवकाची खरी कसोटी त्या उरलेल्या दिवसांत लागते असे माझे मत आहे, आणि त्या दिवसांचा हिशेब मांडल्याशिवाय ह्या पुरुषाची थोरवी आपणांस कळावयाची नाही.

परक्यांच्या लढाईत आपला डॉक्टर पाठविण्याची कल्पना तोपर्यंत आपल्याकडे अगदीच नवी राहिली नव्हती. सॉल्फेरिनोच्या रणांगणावर १८५९ साली तडफडणारे जखमी पाहून हेन्री ड्युनाँ ह्या स्विस व्यापाऱ्याच्या मनात जे बीज पडले त्यातून रेडक्रॉसची चळवळ उभी राहिली, हे सर्वश्रुत आहे. बोअर युद्धात गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचे डोलीपथक उभारले होते. बाल्कन युद्धाच्या वेळी १९१२ साली डॉ. अन्सारी तुर्कस्तानात वैद्यकीय पथक घेऊन गेले होते. परंतु ह्या दोन्ही उदाहरणांत काही ना काही नाते होते. एकात साम्राज्याच्या नागरिकत्वाचे, दुसऱ्यात धर्मबंधुत्वाचे. चीनशी आपले असे कोणतेच जवळचे नाते उरलेले नव्हते. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचे भिक्षू आणि त्यांच्या पोथ्या हीच काय ती ओळख.

जपानने जुलै १९३७ मध्ये चीनवर चाल केली. त्या वर्षाच्या अखेरीस चिनी आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंस पत्र लिहून डॉक्टरांची व औषधांची मदत मागितली. काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ च्या जूनअखेर देशास आवाहन केले आणि सुमारे बावीस हजार रुपयांचा निधी जमला. स्वतःच पारतंत्र्यात असलेल्या आणि राज्याचा खजिना हाती नसलेल्या लोकांनी वर्गणी काढून हा पैसा उभा केला होता. पथकात पाच डॉक्टर होते. अलाहाबादचे मदन मोहनलाल अटल हे प्रमुख. त्यांस स्पेनमधील यादवी युद्धात शुश्रूषेचा अनुभव होता. नागपूरचे वयोवृद्ध डॉ. मोरेश्वर चोळकर हे उपप्रमुख. कलकत्त्याचे विजयकुमार बसू व देबेश मुखर्जी, आणि पाचवे आपले कोटणीस. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, म्हणजे निघताना त्यांस अठ्ठाविसावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते पदवीधर झाले होते आणि पुढील परीक्षेची तयारी चालली होती. घरी आईवडील, दोन भाऊ, पाच बहिणी. मध्यमवर्गीय घरातील शिकलेल्या मुलाकडून घर ज्या अपेक्षा करते त्या सर्व ह्या मुलाकडूनही असणार, हे सांगावयास नकोच. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ ह्या बोटीने हे पाच जण मुंबईहून निघाले. मुदत एक वर्षाची ठरलेली होती.

ह्या एका वर्षाचा पहिला बराचसा हिस्सा पाहुणचारात व प्रवासात गेला. कँटनला सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. तेथून हँकौ, तेथून इचांग, आणि मग यांगत्से नदीतून वर चुंगकिंग. ज्या गावी ते जात ते गाव मागोमाग पडत असे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात चार-पाच दिवसांच्या अंतराने कँटन व हँकौ ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती गेली. मदतीस गेलेल्या माणसाची पहिली परीक्षा ही असते : त्याच्या हातून अद्याप काहीच झालेले नसते, आणि भोवती सत्कार मात्र चाललेले असतात. चुंगकिंगला विश्वभारतीच्या चीनभवनाचे संचालक तान युन-शान यांनी ह्या पाचही जणांस चिनी नावे दिली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले. ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणिसांचे नाव के दिहुआ असे झाले. त्या वेळी तो सौजन्याचा एक प्रकार होता. पुढे चार वर्षांत ते नाव त्यांनी अक्षरशः कमावले.

चुंगकिंगलाच त्यांस वडिलांच्या मृत्यूची बातमी कळली. परत जाण्याचा सल्ला सहकाऱ्यांनी दिला तो सर्वथा योग्य होता. घरचा आधार गेला होता, आणि हिंदू कुटुंबात अशा प्रसंगी मुलाचे स्थान कोठे असते हे आपणांस निराळे सांगावयास नको. कोटणीस परतले नाहीत. चरित्रकार ह्या निर्णयास त्यागाचे शिखर मानतात. मला मात्र ह्या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. ह्या त्यागाची किंमत त्यांनी एकट्याने दिली नाही. सोलापुरातील त्या घराने दिली, आणि त्यांस कोणी विचारले नव्हते. परदेशी गेलेल्या प्रत्येक सेवकाच्या मागे असे एक घर असते, आणि इतिहासात त्याची नोंद दोन ओळींहून अधिक होत नाही. निदान आपण वाचकांनी तरी ते विसरू नये.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले, आणि येथून खऱ्या अर्थाने दिनचर्येस आरंभ झाला. येनान हे पिवळ्या मातीच्या टेकड्यांतील गाव. आदल्या नोव्हेंबरात जपानी विमानांनी त्याच्यावर बाँब टाकले होते, म्हणून वस्ती सगळी कड्यांत खोदलेल्या गुहांतून हलली होती. इस्पितळही गुहांचेच : एका रांगेत गुहा, प्रत्येकीस कमानीचा दरवाजा, खिडकीस काचेऐवजी कागद, आत मातीचा ओटा. ही गुहा हिवाळ्यात उबदार व उन्हाळ्यात थंड असते. तीत जखमा मात्र लवकर चिघळतात, कारण उजेड व वारा दोन्ही कमी. मुंबईच्या परळ भागातील प्रशस्त शस्त्रक्रियागृहात शिकलेल्या तरुण शल्यविशारदास ही पहिली शिकवणी होती. ज्या साधनांवाचून शस्त्रक्रिया अशक्य म्हणून त्यास शिकविलेले असते, त्यांतील निम्मी साधने नसतानाही रुग्ण समोर येऊन पडतोच.

जेवणात मुख्य अन्न राळे. हे वाचून आपल्याकडील जुन्या माणसांस नवल वाटेल. पाथर्डीच्या बाजूला बाजरी-ज्वारीबरोबर राळे व वरई ही जुन्या काळची हलक्या रानातील पिके, आणि त्या राळ्याचे मूळ घर उत्तर चीनच होय. राळ्याची पेज, राळ्याचा भात, त्याबरोबर कोबी किंवा मुळा, क्वचित मांस. सोलापूरच्या माणसास हे धान्य अगदीच अनोळखी नसावे. पण सकाळ-संध्याकाळ, महिनोन्‌महिने तेच खावयाचे म्हणजे निष्ठेची परीक्षा जिभेपासूनच सुरू होते. सैनिकांस जे मिळे तेच डॉक्टरांस, असा साधारण रिवाज होता. परदेशी पाहुण्यांस थोडी अधिक सवलत देण्याची तेथील लोकांची इच्छा असे, आणि कोटणीस ती टाळीत, असे त्यांच्या बरोबरीची माणसे सांगत आली आहेत.

ह्याहून मोठी अडचण भाषेची होती. रुग्णास कोठे दुखते हे विचारता येत नसेल तर वैद्य अर्धा आंधळा होतो. दुभाष्यावर विसंबून राहणे सोपे होते, आणि वर्षभरासाठी आलेल्या माणसाने तेच केले असते तर कोणी दोष दिला नसता. कोटणिसांनी चिनी भाषेचा अभ्यास नेटाने चालविला. ज्या भाषेत एकाच उच्चाराचा अर्थ स्वराच्या चढउताराने चार प्रकारे बदलतो आणि जिची अक्षरे हजारांनी मोजावी लागतात, ती भाषा तिशीच्या उंबरठ्यावर, दिवसभर इस्पितळात काम करून शिकावयाची! परंतु दोन वर्षांच्या आत ते चिनी विद्यार्थ्यांस चिनी भाषेतून शल्यशास्त्र शिकवू लागले होते. ह्या पथकातील त्यांच्या सर्व कामगिऱ्यांत मी हिला वरचे स्थान देतो. रुग्णाची भाषा शिकणारा डॉक्टर एक गोष्ट मान्य करतो, ती ही की येथे आपणच अजाण आहोत. मदत करावयास गेलेल्या माणसास ही कबुली देणे फार जड जाते.

दरम्यान पथक विरळ होत चालले. मुखर्जी प्रकृतीच्या कारणाने परतले. चोळकरही १९३९ सालीच परत आले. नोव्हेंबर १९३९ मध्ये अटल, बसू व कोटणीस हे तिघे येनान सोडून आघाडीकडे निघाले. पुढे अटलही आजारी पडून माघारी फिरले. जे परतले त्यांस उणे लेखण्याचे काही कारण नाही. त्यांनी ठरलेली मुदत पाळली आणि शक्तीप्रमाणे सेवा केली. किंबहुना त्यांच्या परतण्यामुळेच आपल्यास हे कळते की राहणे ही आपोआप घडणारी गोष्ट नव्हती. दर काही महिन्यांनी कोटणिसांपुढेही तोच दरवाजा उघडा होता.

आघाडीवर जाऊन ते ज्या प्रदेशात पोहोचले तो शान्सी-चाहार-होपेई सीमाप्रदेश. तेथे त्यांच्या आधी एक परदेशी डॉक्टर काम करून गेला होता : कॅनडाचा नॉर्मन बेथ्यून. शस्त्रक्रिया करीत असता बोटास झालेली जखम दूषित होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी तो वारला. बेथ्यून यांनी मागे ठेवलेल्या गोष्टींत एक गोष्ट मला नेहमी मोठी वाटते. शस्त्रक्रियेचे सर्व साहित्य खेचराच्या पाठीवर लादता येईल आणि उतरवताच मांडता येईल अशी एक लाकडी घोडी त्यांनी बनवून घेतली होती. इस्पितळ ही इमारत नसून ती एक सवय आहे, हे त्या घोडीने सिद्ध केले. कोटणीस व बसू यांनी १९४० च्या जूनमध्ये बेथ्यून यांच्या समाधीचे दर्शन घेतले, आणि पुढे काम हाती घेतले ते त्यांच्याच वाटेने.

त्याच वर्षी २० ऑगस्टला चिनी सैन्याची मोठी चढाई सुरू झाली. ‘शंभर पलटणींची मोहीम’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. ह्या मोहिमेत दोघे मित्र निरनिराळ्या भागांत वाटले गेले. कोटणिसांच्या वाट्यास तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी आले, आणि एकदा तर तीन अहोरात्र झोपेवाचून त्यांनी शस्त्रक्रिया केल्या असे सांगतात. लोकस्मृतीस आवडणारे दिवस ते हेच. मला त्यापुढील दिवसांविषयी अधिक कुतूहल आहे. आठशे जखमींवर शस्त्रक्रिया झाल्यावर आठशे जणांच्या पट्ट्या बदलावयाच्या राहतात. कापसाचा तुटवडा, म्हणून त्याच पट्ट्या धुऊन, उकळून, वाळवून पुन्हा वापरावयाच्या. शत्रूच्या नाकेबंदीमुळे बाहेरून औषध येणे दुरापास्त, म्हणून गावच्या सुताराकडून मोडक्या हाडांसाठी फळ्या करवून घ्यावयाच्या, आणि जे स्थानिक वनौषध उपयोगी पडेल ते वापरावयाचे. ह्या कामात कीर्ती नाही. परंतु जखमी जगतो तो बहुधा ह्याच कामामुळे.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली. मुक्काम होपेई प्रांताच्या तांग तालुक्यातील गेगुंग ह्या खेड्यात. तोपर्यंत बसू येनानला परत गेले होते. त्यामुळे पाच जणांतून आता त्या डोंगरात एकटे कोटणीस उरले. ‘आंतरराष्ट्रीय रुग्णालय’ हे नाव वाचून वाचकाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहील ते दूर सारावे. खाटा नव्हत्या. शेतकऱ्यांच्या घरांतून रुग्ण वाटून ठेवलेले असत. उत्तर चीनमधील घरांत खालून धूर फिरवून तापविलेला विटांचा ओटा असतो, त्यावर घरची माणसे व रुग्ण शेजारी शेजारी निजत. संचालकाची फेरी म्हणजे घरोघर हिंडणे. घरधनीण पेज शिजवी, डॉक्टर पट्टी बदली, आणि मध्येच तिच्या मुलाचा खोकलाही पाही. इस्पितळ आणि गाव यांच्यामध्ये भिंत उरली नव्हती. तेथील लोक त्यांस ‘म्हातारबा के’ अशा अर्थाच्या आपुलकीच्या नावाने हाक मारीत. तिशीतल्या माणसास तेथे म्हातारा म्हणणे हे जवळिकीचे लक्षण असते. त्यांच्या सावळ्या वर्णावरून व मायेवरून काही जण त्यांस ‘काळी आई’ म्हणत असेही सांगतात. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी काळी आई म्हणजे जमीन. चिनी शेतकऱ्यास हा अर्थ माहीत नव्हता. पण सोलापूरच्या माणसास तो आठवल्यावाचून राहिला नसेल.

सकाळी फेरी, मग शस्त्रक्रिया, दुपारी बेथ्यून वैद्यकीय विद्यालयात अध्यापन, आणि रात्री तेलाच्या दिव्यापाशी लेखन, असा साधारण क्रम दिसतो. ह्या लेखनातून शल्यशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवरील एक पाठ्यपुस्तक पुरे झाले. विशिष्ट शस्त्रक्रियांवरील दुसरे त्यांच्या मृत्यूसमयी अर्धवट राहिले. ह्या दोन वर्षांत त्यांनी नऊशेहून अधिक शस्त्रक्रिया केल्या अशी चिनी वृत्तांतांतील मोजदाद आहे. परंतु एक शल्यवैद्य आयुष्यभरात किती पोटे शिवणार? विद्यार्थ्यांच्या हातांत आपले हात देऊन जाणे हाच त्यावरचा उपाय, आणि तो त्यांनी वेळीच ओळखला होता.

ह्या क्रमात मधूनमधून सर्वस्वी खंड पडे. १९४१ च्या शरदऋतूत जपानी सैन्याने त्या प्रदेशावर मोठी झाडाझडती सुरू केली. तेव्हा सगळे इस्पितळ उचलून डोंगरांतून हिंडावे लागले : जखमी डोल्यांवर, औषधे खेचरांवर, विद्यार्थी पायी, आज ह्या दरीत, उद्या त्या. पाथर्डी तालुक्यातील वाचकास हे दृश्य निराळे समजावून देण्याची गरज नाही. आमच्या गावांतून दरवर्षी दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणारी कुटुंबे चूल, भांडी, पोरे व कोयता घेऊन निघतात, आणि मुक्काम पडेल तेथे घर मांडतात. घर पाठीवर घेऊन चालणे म्हणजे काय, हे ज्यास ठाऊक आहे त्यास त्या फिरत्या रुग्णालयाचे मोल कळेल. आणि अशा चालत्या तांड्याबरोबर आजाऱ्यास नेणे किती कठीण, हेही कळेल.

ह्याच खेड्यात त्यांचा संसार मांडला गेला. कुओ चिंग-लान ह्या शुश्रूषाशास्त्र शिकविणाऱ्या बाईंशी १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव यिन्-हुआ ठेवण्यात आले. ‘यिन्’ म्हणजे हिंदुस्थान, ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कोटणिसांनी चिनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला होता. त्यांच्या ह्या राजकीय मताशी वाचकांनी सहमत व्हावे असे नाही. परंतु ते वगळून त्यांचे चरित्र गोड करण्याचा जो प्रयत्न आपल्याकडे होतो तोही योग्य नव्हे, आणि पक्षाने त्यांस केवळ आपला हुतात्मा म्हणून उभे करावे हेही अपुरे आहे. ज्या लोकांत ते राहिले त्यांचे अन्न, भाषा, घर, संसार व पक्ष ही सर्वच त्यांनी क्रमाक्रमाने आपली केली, इतकेच इतिहासकाराने म्हणावे.

१९४२ हे वर्ष उत्तर चीनमध्ये दुष्काळाचे गेले. अन्नाची टंचाई इतकी की लोक झाडांचा पाला खाऊ लागले. त्या सीमाप्रदेशाचे सेनापती न्ये रुंग-चेन यांनी त्या वर्षी सैन्यास हुकूम काढला की गावांजवळील झाडांचा पाला सैनिकांनी तोडू नये. तो गावकऱ्यांसाठी राहू द्यावा. हा हुकूम लहानसा आहे. पण ज्या मुलखाने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे, तेथील माणसास झाडपाल्याविषयी हुकूम निघावा ह्याचा अर्थ पुरता समजेल. अशा वर्षी, अशा अन्नावर, अपस्माराच्या झटक्यांनी पोखरलेले शरीर घेऊन कोटणीस काम करीत राहिले. विश्रांतीसाठी अन्यत्र जाण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे त्यांचा अंत झाला. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

ह्या तारखेस आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात एक विलक्षण जोड आहे. चू तेह यांचे पत्र ज्यांच्या नावे आले आणि हे पथक धाडण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते नेहरू त्या दिवशी पाथर्डीपासून पन्नासएक किलोमीटरांवर, अहमदनगरच्या म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत त्यांचा मुक्काम तेथेच होता. आणि ज्यांनी अध्यक्ष म्हणून पथकासाठी देशाकडे हात पसरला होता ते सुभाषबाबू त्या वेळी जर्मनीत होते. पुढील वर्षी ते जपानला पोहोचले, ज्या जपानविरुद्ध लढणाऱ्यांची शुश्रूषा करावयास त्यांनीच डॉक्टर धाडले होते. ह्यात कोणाची निंदा करावयाची नाही. स्वातंत्र्याच्या वाटा त्या काळी किती विरुद्ध दिशांनी फुटल्या होत्या हे त्यावरून दिसते. पाठविणारे एक किल्ल्यात, एक परदेशात. पाठविलेला मात्र अखेरपर्यंत नेमल्या कामावर. राजकारणाच्या वाटा बदलल्या तरी पट्टी बदलण्याचे काम बदलत नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. बसू १९४३ मध्ये परत आले. चिंग-लानबाई दीर्घायुषी झाल्या आणि २०१२ मध्ये वारल्या. यिन्-हुआ मात्र वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच १९६७ साली गेला. शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या उद्यानात बेथ्यून व कोटणीस ह्या दोघांच्याही समाध्या आहेत. मध्यंतरी १९६२ चे युद्ध झाले, दोन्ही देशांची मने दुरावली, आणि तरीही चिनी नेते भारतात आले की कोटणिसांच्या कुटुंबीयांस भेटण्याची प्रथा राहिली. सोलापुरातील त्यांच्या जन्मघराचे स्मारक २०१२ मध्ये खुले झाले. हे सर्व उचितच आहे. परंतु स्मारकांनी एक प्रश्न सुटत नाही, आणि तो आपल्या अंगणातला आहे.

परदेशी सेवक आपल्याकडेही आले. नगरास अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ पासून होते, आणि त्यांच्या दवाखान्यांचा व शाळांचा लाभ ह्या जिल्ह्याने घेतला, हे मतभेद बाजूस ठेवून मान्य करावे लागते. उलट आपल्यातील शिकलेला मुलगा पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातील गावात दवाखाना काढावयास किती वेळा जातो? मुंबई-पुण्यात शिकलेल्या डॉक्टरास ते गाव चीनइतकेच दूर वाटते. तेथे एका दिवसाची तपासणी-शिबिरे होतात, गोळ्या वाटल्या जातात, छायाचित्रे निघतात, आणि सायंकाळी मोटारी परत जातात. शिबिर निरुपयोगी असते असे मी म्हणत नाही. परंतु खेड्यातील रुग्ण डॉक्टरास तोंडाने काही विचारो, मनातल्या मनात त्याचा एकच प्रश्न असतो : ‘आपण परत कधी जाणार?’ उत्तर जर ‘आज संध्याकाळी’ असे असेल तर तो आपले खरे दुखणे सांगत नाही, आणि त्यात त्याची चूक नसते.

ह्या प्रश्नास निराळे उत्तर देणारी माणसे आपल्या जिल्ह्यात झाली नाहीत असे नाही. अमेरिकेत शिक्षण घेऊन आलेल्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० साली जामखेडला मुक्काम केला, आणि खेड्यांतील अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर बायांस आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या बाया बाळंतपणे करू लागल्या, पाणी शुद्ध ठेवण्यास शिकवू लागल्या, कुष्ठरोग्यास घरात ठेवून घेऊ लागल्या. १९७९ मध्ये त्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गेगुंग आणि जामखेड यांचा परस्परांशी काही संबंध होता असे मी सुचवीत नाही. मला दिसते ते इतकेच की दोन्हीकडे डॉक्टर आधी रहिवासी झाला आणि मग उपकारी ठरला. दोन्हीकडे त्याने आपली विद्या आपल्यापाशी ठेवली नाही.

प्रत्येक तरुणाने कोटणिसांप्रमाणे मरावे असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. अपस्माराच्या रोग्याने वेळीच विश्रांती घेतली असती तर कदाचित ते दुसरे पुस्तकही पुरे झाले असते, आणि त्याच्या मुलास बाप मिळाला असता. मृत्यूचे अनुकरण करता येत नाही; दिनचर्येचे करता येते. जेथे जावयाचे तेथले अन्न खावे, तेथली भाषा बोलावी, नसलेल्या साधनांची तक्रार न करता असलेल्यांवर काम चालवावे, रोज थोडे शिकवावे, आणि मुदत संपली म्हणजे एकदा स्वतःस विचारावे की आपले काम संपले आहे, की नुसती मुदत. कोटणिसांपुढे हा प्रश्न एका वर्षाच्या अखेरीस आला होता, आणि पुढील तीन वर्षांचा प्रत्येक दिवस त्याचे उत्तर देण्यात गेला.